पाटा हा गाडीचा काटा आहे

विंचूरच्या उपबाजार आवारात लिलावाच्या वेळी गेले की कांद्याने भरलेले ट्रॅक्टर आणि पिकअप ओळीने उभे दिसतात. व्यापारी चार कांदे हातात घेऊन पाहतात, शेतकऱ्याचे कान बोलीकडे लागलेले असतात. आमची नजर मात्र सवयीने मागच्या चाकाजवळ जाते. काही गाड्यांचे पाटे वजनाने सपाट होऊन उलटे वळायला आलेले असतात. शेजारीच तेवढाच माल भरलेली दुसरी गाडी रिकामी असल्यासारखी ताठ उभी असते. पाहणाऱ्याला वाटते, पहिला मालक निष्काळजी आणि दुसरा हुशार. आमचे मत नेमके उलट आहे. पहिली गाडी निदान खरे तरी बोलते. दुसरीचे तोंड एक जादा पाटा घालून बंद केलेले असते.

व्यापाराच्या पानावर गाडीच्या पाट्यांचे काय काम, असे कोणी विचारील. परंतु निफाड-येवला भागातील शेती आणि व्यापार या दोहोंचा भार शेवटी याच पाट्यांवर आहे. मळ्यातला रस्ता काळ्या मातीचा, पावसाळ्यात चाक बुडेल एवढा चिखल, उन्हाळ्यात त्याच चिखलाची दगडासारखी वाळलेली चाकोरी. म्हणून आमच्याकडे जुनी जीप, बोलेरो किंवा पिकअप ही हौसेची गाडी नसून धंद्याचे साधन आहे. तिचा पाटा मोडला तर त्या दिवसाचा बाजार बुडतो. वळणावर भरल्या गाडीखाली मोडला तर त्याहून अधिक काही जाते.

आमचे म्हणणे दोन वाक्यांत सांगता येईल. पाटे आणि शॉकअप बदलण्याचे काम गाडीमालकाने घरच्या अंगणात करावे, निदान ते समजून घ्यावे. त्यात भिण्यासारखे काही नाही. मात्र जे काढले तेच पुन्हा बसवावे. पाटा वाढवून गाडीची ताकद वाढते हा समज सोडून द्यावा.

जीप ही गाडी मुळात उघड्यावर दुरुस्त व्हावी अशीच जन्मली. दुसऱ्या महायुद्धात विलीज आणि फोर्ड या दोन अमेरिकन कंपन्यांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीप बनवल्या. चार चाकांना चार पाटे आणि सर्व काही नट-बोल्टांवर. रणभूमीवर चार पाने आणि एक हातोडा घेऊन शिपायाने काम उरकावे, हा हेतू. आपल्या देशात ही गाडी आणणारी कंपनी १९४५ साली 'महिंद्रा अँड मोहम्मद' या नावाने सुरू झाली होती. भागीदार गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानात गेले, तेथील पहिले अर्थमंत्री झाले, आणि १९४८ साली कंपनीचे नाव 'महिंद्रा अँड महिंद्रा' झाले. १९४९ साली मुंबईत माझगावला जीपची जुळणी सुरू झाली. आज त्याच कंपनीची थार आमच्या नाशिकच्या कारखान्यात तयार होते. नावे बदलली, मालक बदलले, गाडीचे रूप बदलले. पण जुन्या जीपखाली आडवे पडून वर पाहिले तर रचना तीच दिसते.

आता पाटा करतो काय, ते पाहू. १६७८ साली रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञाने एक साधा नियम प्रसिद्ध केला. स्प्रिंगवर जेवढा भार टाकाल तेवढी ती ताणते किंवा वाकते. भार दुप्पट तर वाकणेही दुप्पट. भंगारवाल्याच्या हातातला ताणकाटा याच नियमावर चालतो. गाडीचा पाटाही तसाच. तो गाडीला हादऱ्यापासून वाचवतो हे सर्वांस ठाऊक आहे, पण तो प्रत्येक क्षणी वजनही करत असतो याकडे कोणी लक्ष देत नाही. मागचा भाग किती बसला, यावरून गाडीत किती माल आहे हे बिनचूक नाही तरी अंदाजाने कळते. म्हणूनच आम्ही म्हणतो, पाटा हा गाडीचा काटा आहे.

शॉकअपचे काम निराळे आहे. तो वजन पेलत नाही. 'शॉकअप जाड टाक, माल जास्त बसेल' असे सांगणारे गिऱ्हाईक गॅरेजमध्ये रोज येते आणि पैसे वाया घालवून जाते. पाटा एकदा दबला की उसळतो, पुन्हा दबतो, पुन्हा उसळतो. हे झुलणे थांबवणे एवढेच शॉकअपचे काम. त्याच्या आत तेल असते. ते बारीक छिद्रांतून ढकलले जाते आणि उसळीची शक्ती उष्णतेत जिरते. लांब खडबडीत रस्त्यानंतर शॉकअपला हात लावून पाहा, तो कोमट लागेल. एकच थंड असेल तर तो काम करत नाही असे समजावे. त्याच्या अंगावर तेल उतरलेले असेल तर पाहायलाही नको.

बदलायची वेळ आली हे कसे ओळखावे? एक साधी मोजपट्टी घ्यावी. रिकामी गाडी सपाट जागेवर उभी करून चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर चारही बाजूंनी मोजावे आणि वहीत तारखेसह लिहून ठेवावे. दुकानदार रोजची विक्री लिहितो, तशी ही गाडीची वही. सहा महिन्यांनी पुन्हा मोजावे. एक बाजू दुसरीपेक्षा दोन बोटे खाली आली असेल, पाट्याला चीर दिसत असेल किंवा सेंटर बोल्ट तुटून पाटे आडवे सरकले असतील, तर काम काढावे. पाटे नेहमी जोडीने बदलावेत. एका बाजूला नवा आणि दुसऱ्या बाजूला थकलेला पाटा ठेवला की गाडी कायमची एका कुशीवर चालते.

कामाची पद्धत अशी. जागा कडक आणि सपाट हवी. मातीत जॅक खचतो. आदल्या रात्रीच सर्व नट-बोल्टांवर गंज सोडवणारे तेल मारून ठेवावे, सकाळी अर्धे भांडण मिटलेले असते. मागचे काम करायचे असेल तर पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावावेत. हँडब्रेकवर विसंबू नये. बहुतेक गाड्यांत तो मागच्या चाकांवर चालतो आणि मागची चाके उचलली की त्याचा उपयोग संपतो. चाकाचे नट जमिनीवर असतानाच सैल करावेत. मग गाडी उचलून चॅसीखाली दोन मजबूत लोखंडी स्टँड लावावेत. केवळ जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली कोणीही, एका मिनिटासाठीही जाऊ नये. विटांच्या किंवा सिमेंटच्या पोकळ ब्लॉकच्या थप्पीवर तर मुळीच नाही. ती तडा जाताना आधी सांगत नाही. या लेखातील एकच वाक्य लक्षात ठेवायचे असेल तर हे ठेवावे.

दुसरा जॅक ॲक्सलखाली लावून पाट्यावरचा ताण काढावा. आधी शॉकअपचे खालचे टोक सोडावे, नंतर यू-बोल्ट, शेवटी पाट्याच्या दोन टोकांच्या पिना. ॲक्सल खाली सोडताना ब्रेकचा रबरी पाइप ताणला जात नाही ना, याकडे लक्ष ठेवावे. पिन ठोकून काढायची वेळ आली तर डोळ्यांवर चष्मा हवाच. जुना पाटा काढला की नव्याच्या शेजारी जमिनीवर ठेवून ताडून पाहावा: लांबी, रुंदी, पाट्यांची संख्या, जाडी आणि सेंटर बोल्टची जागा. अनेक पाट्यांत सेंटर बोल्ट बरोबर मध्यावर नसतो. एक बाजू लांब, एक आखूड असते. पाटा उलटा बसला की ॲक्सल पुढे-मागे सरकतो.

बसवताना सेंटर बोल्टचे डोके ॲक्सलवरच्या भोकात नीट बसले पाहिजे. यू-बोल्ट नवे घ्यावेत. जुने ताणलेले असतात आणि तेवढ्या बचतीसाठी धोका पत्करण्यात अर्थ नाही. त्यांचे चारही नट तिरपे-तिरपे, थोडे-थोडे करून आवळावेत. रबरी बुश असतील तर पाट्याच्या टोकांचे बोल्ट शेवटचे आवळणे गाडी चाकांवर उतरवून, तिचे वजन पाट्यावर आल्यानंतरच करावे. नवा तेलाचा शॉकअप बसवण्यापूर्वी उभा धरून चार-सहा वेळा दाबावा आणि ओढावा, म्हणजे आतली हवा निघून जाते. आणि शे-दोनशे किलोमीटर गाडी चालल्यावर सर्व यू-बोल्ट पुन्हा एकदा आवळावेत. हे शेवटचे काम निम्मे लोक विसरतात, आणि नंतर नव्या पाट्याला दोष देतात.

हे शहाणपण आम्हाला पुस्तकातून आलेले नाही. आमच्या दारातल्या जुन्या जीपचे पाटे पहिल्यांदा बदलले तेव्हा बुशचे बोल्ट गाडी हवेत असतानाच पुरे आवळून टाकले होते. गाडी खाली उतरताच रबर पिळले गेले आणि एका पावसाळ्यात बुश फाटले. चूक सर्वस्वी आमची होती. दुसरी गोष्ट मात्र आमची नव्हती. ते जुने पाटे उलगडले तेव्हा असावेत त्यापेक्षा एक पाटा जास्त निघाला. पूर्वी कधी गाडी एका गॅरेजला दिली होती, तिथे न विचारता तो घातला गेला होता. बिलात त्याचा उल्लेखही नव्हता. रिकामी जीप खडबडीत रस्त्यावर का उडते आणि ब्रेक मारला की मागचे चाक का घसटते, हे कोडे आम्हाला त्या दिवशी सुटले. तो पाटा काढला, होते तेवढेच नवे घातले, आणि जीप पुन्हा पूर्वीसारखी चालू लागली.

जादा पाट्याचा हिशेब मांडून पाहू. पाट्याचा कडकपणा जाडीच्या घनाने वाढतो. म्हणजे ६ मिलिमीटर जाडीच्या जागी तेवढ्याच लांबी-रुंदीचा ८ मिलिमीटरचा पाटा घातला तर तो सुमारे २.४ पट कडक होतो. डोळ्यांना फरक दोन मिलिमीटरचा. गाडीला फरक दुपटीहून अधिक. मग गाडी बसत नाही, आणि मालकाला वाटते की आता आणखी दहा गोण्या चढतील. पण ॲक्सल तोच आहे, बेअरिंग तेच, टायर तेच, ब्रेक तेच. यांपैकी कोणालाही नवा पाटा घातल्याची खबर नाही. वजन वाढले की थांबण्यासाठी ब्रेकला तेवढी अधिक शक्ती जिरवावी लागते. पाटा त्यात काडीची मदत करत नाही. उलट, आधी गाडी बसली की चालक आपोआप सावकाश चालवत असे. आता ती खूणच पुसली गेल्यामुळे तो रिकाम्या गाडीच्या वेगाने भरली गाडी हाकतो.

बाजार समितीच्या काट्यात कोणी फेरफार केला तर आपण सारे मिळून आवाज उठवू, आणि तो उठवलाच पाहिजे. शंभर किलोचे पंच्याण्णव दाखवणारा काटा चोराचा, यात दुमत नाही. मग दोन टनांचा भार दीड टनासारखा दाखवणारा पाटा कोणाचा? तिथे फसवणारेही आपणच आणि फसणारेही आपणच. त्या गाडीत आपलाच मुलगा किंवा रोजंदारीवरचा चालक बसलेला असतो, आणि समोरून शाळेची मुले सायकलवर येत असतात.

कायद्याची बाजूही गाडीमालकांनी समजून घ्यावी. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणी पुस्तकातील तपशील बदलेल असा फेरफार परवानगीशिवाय करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने मर्यादेपेक्षा जास्त मालासाठी २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनामागे आणखी २,००० रुपये अशी दंडाची तरतूद केली. बेकायदा फेरफार करणाऱ्या मालकाला प्रत्येक फेरफारामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी शिक्षा त्याच दुरुस्तीत आहे. मोडलेल्या पाट्याच्या जागी तसाच पाटा बसवणे ही दुरुस्ती आहे, फेरफार नव्हे. आमचा आग्रह नेमका याच रेषेवर थांबण्याचा आहे. वाचकांनी हिशेब करावा: जादा दहा गोण्यांचे वाचलेले भाडे आणि एका दंडाची रक्कम यांत मोठे काय? टायर, बेअरिंग आणि क्लच लवकर जातात तो खर्च वेगळाच.

तरुणांत सध्या दुसरी हौस दिसते, गाडी तीन-चार इंच उंच करण्याची. डोंगरात, नदीपात्रात उंच गाडीचा उपयोग होतो हे आम्हास मान्य आहे. पण गाडी उंचावली की तिचा गुरुत्वमध्य वर जातो आणि वळणावर ती कलंडायला सोपी होते. प्रोपेलर शाफ्टचा कोन बदलतो, ब्रेकचा पाइप अपुरा पडतो, जुना शॉकअप पूर्ण ताणून तुटतो, स्टिअरिंगच्या दांड्याचा कोन बिघडून खड्ड्यात गाडी आपणहून एका बाजूला ओढते. म्हणजे केवळ पाटे बदलून हे काम संपत नाही. स्वस्तात उंच झालेली गाडी ही अर्धवट काम झालेली गाडी समजावी.

येथे एक स्पष्ट इशारा देणे आमचे कर्तव्य आहे. वर सांगितले ते सर्व पाट्यांच्या गाड्यांसाठी आहे: जुन्या जीप, मारुती जिप्सी, बोलेरोची मागची बाजू. २०२० साली आलेल्या नव्या थारला चारही चाकांना गुंडाळी स्प्रिंग आहेत. दबलेली गुंडाळी स्प्रिंग ही भरलेल्या बंदुकीसारखी असते. दाबून धरण्याचे योग्य साधन नसताना ती सोडली तर हात किंवा डोळा जाऊ शकतो. जुन्या थारच्या पुढच्या बाजूला पिळाची दांडी आहे, तिलाही तीच काळजी लागते. ही कामे साधने आणि सराव असलेल्या मिस्त्रीकडेच द्यावीत. घरी काय करावे याच्याइतकेच, घरी काय करू नये हे कळणे म्हणजे कारागिरी.

गॅरेजवाल्या बंधूंनाही दोन शब्द सांगायचे आहेत. आपल्या समाजातील कितीतरी तरुण याच धंद्यात हातपाय काळे करून घर चालवतात. त्यांची मेहनत आम्ही जाणतो. घरोघरी लोक पाटे बदलू लागले तर आमच्या पोटावर पाय येईल, अशी भीती त्यांना वाटू नये. काम समजणारे गिऱ्हाईक घासाघीस कमी करते, कारण गंजलेली पिन काढायला किती घाम जातो हे त्याने एकदा अनुभवलेले असते. भीती बाळगायची ती वेगळ्याच गोष्टीची. गिऱ्हाईक 'एक पाटा वाढवून दे' म्हणते तेव्हा नाही म्हणायची तयारी हवी. 'मी नाही केले तर शेजारचा करील' हे उत्तर आम्ही अनेकदा ऐकले आहे. शेजारचा करीलही, पण गाडी उलटली तर गावात नाव निघते ते पाटा घालणाऱ्याचे, घालायला लावणाऱ्याचे नव्हे.

आणखी एक. पाटा हा साध्या लोखंडाचा नसतो. तो खास पोलादाचा, ठराविक तापमानाला तापवून, तेलात विझवून आणि पुन्हा मंद तापवून तयार केलेला असतो. गॅसच्या ज्योतीवर लाल करून त्याला बाक दिला की हे सारे कष्ट पाण्यात जातात. पाटा वरून चांगला दिसतो आणि आतून मऊ किंवा ठिसूळ झालेला असतो. पाट्याला वेल्डिंग करणे हा तर गिऱ्हाईकाशी सरळ दगा आहे. जुना पाटा ठोकून बाक आणून दिला असेल तर तसे तोंडावर सांगावे आणि पावतीवर लिहावे. कोणता पाटा घातला, किती घातले, नवा की जुना, एवढे लिहिलेली साधी पावती दिली तर गिऱ्हाईक पुन्हा त्याच दारात येईल. पावती ही गॅरेजची इज्जत आहे.

नव्याने सुरुवात करणाऱ्याने आधी काय विकत घ्यावे, असे विचारले तर आमचे उत्तर ठरलेले आहे: पाने नंतर, आधी दोन चांगले स्टँड. शेजारच्या चार घरांनी मिळून एक जोडी घेतली तरी पुरते. वर्षातून दोनदाच लागणारी वस्तू प्रत्येकाने घेतलीच पाहिजे असे नाही, पण ती कुठे मिळेल हे प्रत्येकाला ठाऊक हवे.

पुढच्या हंगामात लिलावाला गाडी नेण्यापूर्वी वाचकांनी एकदा मोजपट्टी घेऊन मागच्या चाकाजवळ बसावे, पाटे मोजावेत आणि गाडीसोबत आलेल्या पुस्तकातल्या संख्येशी ताडून पाहावेत. एक जास्त निघाला तर तो काढून टाकण्याचे काम एका सकाळचे आहे. काटा दुरुस्त झाला की मालही आपोआप बेताचा भरला जाईल, आणि गाडी बसली तर बसू द्यावी. ती आपल्याला थांबायला सांगत असते.